लंडनच्या शाळेचं हजेरीचं पदक: ते मूल कोण, हे कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जुन्या पदकावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा, 'स्कूल बोर्ड फॉर लंडन' (लंडनच्या सार्वजनिक शाळा चालवणारं मंडळ) अशी अक्षरं, फितीवर हजेरी भरलेल्या काही वर्षांच्या पट्ट्या आणि 'ई. ब्राउन' एवढंच नाव. हे मूल कोण होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे आज कळू शकतं का?

बऱ्याचदा कळतं. पण बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. वंशावळीच्या संकेतस्थळावर नाव टाकायचं आणि पहिल्या पानावर जो ई. ब्राउन दिसेल त्याच्या गळ्यात पदक घालून मोकळं व्हायचं. हजेरीच्या पदकात नाव हा सगळ्यात कच्चा धागा असतो. पक्का धागा म्हणजे हे मूल त्या त्या वर्षी शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एकाच भागात, वर्षभर हजर होतं. गरीब लंडन तेव्हा भाडं थकलं की खोली बदलायचं. अशा शहरात तीन-चार वर्षं एका जागी टिकलेलं कुटुंब हीच मोठी खूण आहे. म्हणून शोध वय आणि जागा या दोन बाजूंनी आवळत आणायचा आणि नाव शेवटी जुळवायचं.

आधी पदक नीट वाचा. पॉलिश लावू नका. ही पदकं कथिलाच्या मिश्रणाच्या पांढऱ्या धातूची, ब्राँझची किंवा कधी चांदीची असतात, आणि नावाची कोरणी उथळ असते. दोनदा घासलं की इंग्रजी 'ई'ची खालची रेघ जाते आणि तो 'एफ' दिसायला लागतो. मग सगळा शोध फ्रेडच्या मागे जातो, आणि मूल असतं एमिली. खोलीत अंधार करा, टॉर्च पदकाच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि चारही दिशांनी एकेक फोटो काढा. डोळ्यांना न दिसलेली अक्षरं तिरप्या उजेडात वर येतात. नाव मागच्या बाजूला नसेल तर कड फिरवून पाहा. ठेवताना पीव्हीसीची पिशवी टाळा, तिच्यामुळे ब्राँझवर हिरवा चिकट थर चढतो. आम्लविरहित कागद किंवा पॉलिएस्टरचं पाकीट चांगलं.

चांदी असेल तर छाप शोधा. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. सोबतचं अक्षर वर्ष सांगतं, पण ते १ जानेवारीला बदलत नसे, त्यामुळे एकच अक्षर दोन इसवी सनांवर पसरतं. शिवाय ते वर्ष चांदी तपासल्याचं असतं, पदक दिल्याचं नाही. कोरं पदक वर्ष-दीड वर्ष कपाटात पडून राहिलेलं असू शकतं.

वर्ष कोरलेलं नसेल तरी काळ ठरवता येतो. लंडनचं स्कूल बोर्ड १८७० च्या शिक्षण कायद्याने आलं आणि १९०४ च्या मे महिन्यात त्याचं काम लंडन कौंटी कौन्सिल या स्थानिक प्रशासनाकडे गेलं. इंग्लंडमधली इतर बोर्डं १९०२ च्या कायद्यामुळे बरखास्त होऊन नगर आणि कौंटी कौन्सिलांकडे गेली. म्हणजे पदकावर 'स्कूल बोर्ड' असेल तर ते १९०४ च्या अलीकडचं असण्याची शक्यता जवळपास नाही. चेहरा व्हिक्टोरियाचा असेल तर २२ जानेवारी १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डचा असेल तर ६ मे १९१० पर्यंत, त्यानंतर पाचवा जॉर्ज. जुने साचे काही महिने पुढेही चालत, तेवढी सूट ठेवा.

इथे एक ठेच हमखास लागते. वेस्ट हॅम, टॉटनहॅम, वॉल्थमस्टो आज सरळ लंडन आहेत, तेव्हा नव्हते. वेस्ट हॅम शेजारच्या एसेक्स कौंटीत होतं, त्याचं बोर्ड वेगळं. पदकावर वेस्ट हॅम असेल तर लंडन बोर्डाच्या कागदांत महिनोन् महिने शोधूनही काही हाती लागणार नाही. ते काम आजच्या न्यूहॅमच्या अभिलेखागारातलं.

पदक का देत, हे समजून घेतलं तर पुढचे कागद वाचणं सोपं जातं. हजेरी म्हणजे शाळेचा पैसा होता. १८६२ च्या सुधारित नियमावलीत सरासरी हजेरीवर दरडोई ४ शिलिंग अनुदान होतं. त्याशिवाय दोनशेहून जास्त हजेऱ्या भरलेल्या, सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे परीक्षेवर ८ शिलिंग होते, आणि वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात मूल नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. हे निकालावरचं अनुदान १८९० च्या दशकात मागे पडलं, पण हजेरीवरचं राहिलं. १८९१ मध्ये बहुतेक शाळांची फी गेली तेव्हाही भरपाई सरासरी हजेरीवरच, दरडोई १० शिलिंग. १८८० पासून पाच ते दहा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची होती. ती मर्यादा १८९३ मध्ये ११ आणि १८९९ मध्ये १२ झाली. सक्तीसाठी बोर्डाचे निरीक्षक घरोघर फिरत, दंडही होई. पदक ही त्याच कामाची गोड बाजू.

हजेरी मोजण्याची रीतही कडक होती. दिवसाच्या दोन हजेऱ्या, सकाळची आणि दुपारची. शाळा वर्षात किमान ४०० वेळा भरलीच पाहिजे. मोठ्या मुलांची हजेरी धरायला किमान दोन तास धर्मेतर शिक्षण झालेलं असावं लागे, म्हणून ते सुरू होण्याआधी हजेरीपट बंद. सकाळी आलेल्याला एका बाजूला झुकलेली तिरपी रेघ, दुपारी आलेल्याला उलट्या बाजूची, न आलेल्याला शून्य. पट बंद झाल्यावर पाच मिनिटांनी धापा टाकत आलेल्या मुलाचंही शून्यच. शाळेच्या लॉगबुकात, म्हणजे मुख्याध्यापकाच्या रोजनिशीत, 'हजेरीपट तपासले, बरोबर आढळले' अशी व्यवस्थापकाची सही अधूनमधून दिसते. हे लोक न कळवता येत, डोकी मोजत आणि पटाशी ताळा करत. पदकावरच्या 'कधी गैरहजर नाही, कधी उशीर नाही' या ओळीमागे हा हिशेब आहे. बोर्डागणिक नियम मात्र वेगळे होते, काही ठिकाणी थोड्या गैरहजेऱ्या माफ असत. त्यामुळे पदक म्हणजे शंभर टक्के हजेरी, असं सरसकट धरू नका.

आता वयाची खिडकी. समजा पट्ट्या १८९३ ते १८९७ अशा पाच वर्षांच्या आहेत. मूल १८९३ मध्ये पाच वर्षांचं असेल तर जन्म १८८८, आणि १८९७ मध्ये चौदाचं होऊन बाहेर पडलं असेल तर जन्म १८८३. खिडकी सहा वर्षांची झाली. एकच पट्टी असती तर ती दहा वर्षांची राहिली असती. त्यामुळे जितक्या पट्ट्या जास्त, तितका शोध सोपा. मात्र पट्ट्या मूळच्याच आहेत ना, हे पाहा. फीत बदललेली असते, विक्रेते दोन तुटकी पदकं जोडून एक करतात. पट्ट्यांचा रंग, झीज आणि अक्षरांचा साचा पदकाशी मिळताजुळता हवा.

या खिडकीवर शिरगणती बसवा. ५ एप्रिल १८९१ ला हे मूल दोन ते आठ वर्षांचं असेल, ३१ मार्च १९०१ ला बारा ते अठरा. १९०१ च्या नोंदीत ते बहुधा कामाला लागलेलं सापडेल: निरोप्या पोऱ्या, डबे बनवण्याच्या कारखान्यातली मुलगी, घरकामाची मोलकरीण. १८९१ आणि १९०१ मध्ये एकाच भागात राहणाऱ्या, खिडकीत बसणाऱ्या सगळ्या ई. ब्राउनांची यादी करा. वीस निघाले तरी घाबरू नका. पहिली चाळणी मृत्यूची. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सूचीत १८६६ पासून मृत्यूसमोर वय दिलेलं आहे. पदकाच्या शेवटच्या वर्षाआधी वारलेली मुलं बाजूला काढा, आणि ती संख्या त्या काळात छोटी नसते. हे काम कंटाळवाणं असल्यामुळे लोक टाळतात, आणि मग १८९५ मध्ये घटसर्पाने गेलेल्या मुलाच्या नावावर १८९७ चं पदक चढवतात.

सूची तिमाहीनुसार आहे, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिमाही नोंदणीची असते, जन्माची नाही. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल बहुधा पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत येतं. छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासूनच आहे, पण मुख्य नोंदणी कार्यालयाच्या (जनरल रजिस्टर ऑफिस) स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून आहे. ब्राउनसारख्या आडनावाला तीच वापरा. जिल्ह्यांची नावंही फसवी आहेत. बर्मंडसीची मुलं 'सेंट ओलाव्ह' मध्ये सापडतात, बॅटरसीची वॉन्ड्सवर्थमध्ये, डेप्टफर्डची ग्रिनिचमध्ये. 'बॅटरसीत जन्मच नाही' म्हणून उमेदवार काढून टाकायच्या आधी हे तपासा.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. लंडनच्या शाळांची ही रजिस्टरं क्लर्कनवेलच्या लंडन अर्काइव्ह्जमध्ये आहेत. २०२४ पर्यंत त्याचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज होतं. १८४० ते १९११ मधली बरीचशी अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. लंडनबाहेरच्या इंग्लंड-वेल्समधल्या अनेक शाळांची १८७० ते १९१४ मधली रजिस्टरं आणि लॉगबुकं फाइंडमायपास्ट या तशाच संकेतस्थळावर आहेत. दाखल-खारीजच्या एका ओळीत दाखल क्रमांक, तारीख, मुलाचं नाव, पालकाचं नाव, घराचा पत्ता, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. शिरगणतीतलं ढोबळ वय इथे पूर्ण जन्मतारीख होतं, आणि 'ई' चं एडिथ किंवा अर्नेस्ट होतं. पण जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास नको. काही पालक मूल लवकर कामाला लागावं म्हणून वय वाढवून सांगत. जन्मसूचीशी ताळा कराच.

या रजिस्टरांत चुकायची जागा ठरलेली आहे. बोर्डाच्या शाळेत शिशुवर्ग, मुली आणि मुलगे असे तीन स्वतंत्र विभाग असत, प्रत्येकाला वेगळा मुख्याध्यापक, वेगळं रजिस्टर, वेगळं लॉगबुक. बोर्डाचे वास्तुविशारद ई. आर. रॉब्सन यांच्या त्या उंच, मोठ्या खिडक्यांच्या विटांच्या इमारतींमध्ये विभाग बहुधा मजल्यांनुसार विभागलेले असत. मूल साधारण सातव्या वर्षी शिशुवर्गातून वर गेलं की एका रजिस्टरातून 'खारीज' आणि दुसऱ्यात 'दाखल'. ज्यांनी फक्त शिशुवर्गाचं पाहिलं त्यांना वाटतं मूल सातव्या वर्षीच शाळा सोडून गेलं, आणि ते पदकाचा उमेदवार म्हणून त्याला खोडतात. ते वरच्या मजल्यावर गेलेलं असतं.

लॉगबुक नावासाठी नाही, पण वर्ष कसं गेलं ते कळायला वाचा. गोवराने शाळा बंद, मुसळधार पाऊस आणि बूट नाहीत म्हणून निम्मा वर्ग गैरहजर, सप्टेंबरात हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) तोडायला कुटुंबंच्या कुटुंबं लंडनबाहेर केंटला गेलेली, अशा नोंदी पानोपानी भेटतात. हॉप्सच्या हंगामाला जाणाऱ्या घरातलं मूल वर्षाचं पदक मिळवणं अवघड, म्हणजे उमेदवारांपैकी ज्याच्या घरच्यांचा केंटशी असा हंगामी संबंध दिसतो तो मागे टाकायला हरकत नाही. मुलीचं पदक असेल तर त्याला थोडं जास्त वजन द्या. सोमवार धुण्याचा, आणि तान्हं भावंड सांभाळायला घरी ठेवली जायची ती मुलगीच. मोठ्या घरातल्या थोरल्या मुलीने सलग चार वर्षं पदक घेतलं असेल तर घरात सांभाळणारं दुसरं कुणी होतं का, हे शिरगणतीत पाहा. बऱ्याचदा आजी किंवा बिनलग्नाची मावशी त्याच ओळींत सापडते. घरात कुणाला संसर्गजन्य ताप आला की निरोगी भावंडांनाही शाळेत येऊ देत नसत. पाचव्या वर्षीची पट्टी अचानक नाही, पण सहाव्याची आहे, असं दिसलं तर मधल्या वर्षीचं लॉगबुक आणि घरातल्या मृत्यूंची सूची शेजारी ठेवून बघा.

पत्ता मिळाला की समाज-संशोधक चार्ल्स बूथचा त्या काळच्या लंडनमधल्या दारिद्र्याचा नकाशा काढा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने तो ऑनलाइन ठेवला आहे. काळा रंग सगळ्यात खालचा, मग गडद निळा, फिका निळा, जांभळा मिश्र, गुलाबी बऱ्यापैकी, लाल सुखवस्तू, पिवळा श्रीमंत. या नकाशाची मूळ माहिती स्कूल बोर्डाच्या घरोघर फिरणाऱ्या निरीक्षकांकडूनच आली होती, म्हणजे ज्यांच्या वहीत हे मूल 'हजर' होतं त्यांनीच त्याची गल्ली बूथच्या माणसांना सांगितली. रंग गल्लीचा असतो, घराचा नाही. फिक्या निळ्या गल्लीतही कायम पगाराचा रेल्वे हमाल राहत असे, आणि हजेरीची पदकं नियमित मिळकतीच्या घरात जास्त दिसतात. रस्त्यांची नावं पुढे कौंटी कौन्सिलने मोठ्या प्रमाणावर बदलली, तेव्हा आजच्या नकाशात गल्ली नसेल तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे उघडा.

उमेदवार एकच उरला तरी पत्ता, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळेपर्यंत 'सापडला' म्हणू नका.

पुढचं आयुष्य. १९११ ची शिरगणती घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या तक्त्यांसकट टिकली आहे, आणि तिथे लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती जगली हेही आहे. १९२१ च्या तक्त्यात वय वर्षं-महिन्यांत आणि कामाच्या मालकाचं नाव मिळतं. त्यानंतर मोठं भगदाड: १९३१ ची इंग्लंड-वेल्सची शिरगणती डिसेंबर १९४२ च्या आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही.

१८८३-१८८८ मधला मुलगा म्हटला की पहिलं महायुद्ध वाटेत येतं, आणि इथेच सर्वात जास्त घोटाळे होतात. युद्धात मेलेल्या माणसाचे कागद भरपूर असतात: कॉमनवेल्थ युद्धकबरी आयोगाची नोंद, वारसाला दिलेल्या पैशांची नोंदवही, पुष्कळदा आईवडिलांचा पत्ता. घरी परत आलेल्याचे कागद कमी, कारण साध्या सैनिकांच्या सेवा-नोंदींपैकी निम्म्याहून जास्त सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. साहजिकच त्याच नावाच्या पाच जणांत मेलेलाच सापडतो आणि पदक त्याला चिकटतं. विक्रेत्यांनाही ही गोष्ट आवडते, किंमत वाढते. 'सोमच्या लढाईत शहीद झालेल्या विद्यार्थ्याचं पदक' असा मजकूर सोबत असेल तर तो पुरावा नाही, जाहिरात आहे. नातेवाइकाच्या पत्त्यावरून रजिस्टरातल्या गल्लीपर्यंत धागा गेला तरच माना. सैनिकाला मिळालेल्या युद्धपदकांच्या कार्डावर नाव, क्रमांक आणि पलटण असते, घरचा पत्ता सहसा नसतो, त्यामुळे एकट्या कार्डावर काही सिद्ध होत नाही.

मुलगी लग्नानंतर आडनावामागे हरवते. विवाहसूचीत जोडीदाराचं आडनाव १९१२ च्या मार्च तिमाहीपासून आहे. त्याआधीच्या लग्नासाठी एकाच पानावर असलेल्या नावांच्या जोड्या लावून बघायच्या, मग दाखला मागवून वडिलांचं नाव आणि धंदा शाळेच्या रजिस्टराशी मिळवायचा. सूचीवर थांबू नका, पैसे दाखल्यावर खर्च करा. १९१८ पासून तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मतदानाचा हक्क आला, तेव्हा मतदारयाद्यांत ती नवऱ्यासोबत एकाच पत्त्यावर दिसू लागते. मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूची १८५८ पासून सलग आहे. गरिबाचंही नाव तिथे कधी कधी निघतं, म्हणून ती शेवटी चाळाच.

आणि २९ सप्टेंबर १९३९ चं राष्ट्रीय रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली नागरिकांची नोंद. यात पूर्ण जन्मतारीख आहे, म्हणजे दाखल-खारीजमधली तारीख थेट इथे लावता येते. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्यांच्या ओळी उघड्या आहेत, इतरांच्या मृत्यूचा पुरावा नसेल तर झाकलेल्या. हेच रजिस्टर पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेने चालू ठेवलं, म्हणून लग्न झालेल्या स्त्रीचं जुनं आडनाव खोडून वर वेगळ्या शाईत नवं लिहिलेलं दिसतं. एखादीने पन्नाशीनंतर दुसरं लग्न केलं असेल तर तेही इथेच पकडता येतं. ज्या एडिथचं शाळेतलं एकही शून्य पटावर नव्हतं, तिच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात १९३९ मध्ये बहुधा 'बिनपगारी घरकाम' एवढंच लिहिलेलं सापडेल. ती ओळ सापडली की मृत्युसूचीत तिचं नवं आडनाव शोधा. तिच्या मृत्यूची नोंद जून १९६९ च्या तिमाहीत किंवा त्यानंतर झाली असेल तर सूचीत जन्मतारीखही छापलेली आहे, आणि तीच तारीख शाळेच्या रजिस्टरात असेल.